पान बावीसवरचं कडवं

शेलार,
मंगळवार

प्रिय मनाली,

पाकीट बघून हसशील. रिक्षानं पंधरा मिनिटांचं अंतर, दोघींच्या हातात फोन, आणि ही बाई कागद खरडत बसलीय! पण व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलं असतं तर तू त्याला मागून सनई लावून रील केलं असतंस. आणि टाइप करायला बसले की अक्षरं शोधता शोधता माझा राग निवतो. हातानं लिहिलं की गरम राहतो. तर गरम आहे तोवर वाच, आणि वाचताना मधे कमेंट बघायला जाऊ नकोस.

आधी बातमी. हेमालीची हळद सोळा तारखेला, लग्न सतराला. मुलगा गणेशपुरीचा, भाविक, एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे. बोलायला कमी, खायला बरा. पत्रिका सोबत ठेवलीय. आता नवरीच्या आईनं स्वतः लग्नाचा धवला गायचा नसतो, हे माझी आई आपल्या दोघींना लहानपणापासून सांगायची. म्हणजे बघ, शेलारपासून अकलोलीपर्यंत लोकांच्या पोरींच्या हळदीला मी गळा फाडला, आणि माझ्या पोरीच्या मांडवात मी तोंड मिटून हात जोडत फिरायचं. तेही कबूल. पण मग धवले गायला धवलारीण कोण बोलवायची, असं विचारलं तर हेमालीनं फोनमधून मान वर न काढता सांगितलं, मनालीमावशी. वर म्हणाली, हळद लावताना स्पीकरवर आजीच्या आवाजातलं, मावशीच्या पीडीएफमधलं पान बावीसचं कडवं लावायचं, ते लागल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. त्या दिवशी मी पातेलं असं आपटलं की हेमालीचे पप्पा अंगणातून धावत आले. त्यांना वाटलं मांजर शिरलं.

सरळच लिहिते. मी तुझ्यावर जळते. दोन वर्षं झाली, रोज जळते. सकाळी चूल नाही पेटवली तरी चालेल इतकी. तुझं 'मांडवदारी' पेज मी हेमालीच्या फोनवर चोरून बघते. बघते आणि बंद करते, आणि परत बघते. तू नऊवारी नेसून, नथ घालून, मागे झेंडूच्या माळा सोडून सांगत असतेस की तुमच्या घरचं लग्न आपल्या रीतीनं करा, कमेंटमध्ये 'हळद' लिहा, मी लिंक पाठवते. आणि बाया लिहितात गो! हळद, हळद, हळद. गोदामाच्या ऑफिसातल्या पोरी, कल्याणच्या टॉवरमधल्या सुना, दुबईला राहणारं कोणीतरी. एकशे एकोणपन्नास रुपयांत चाळीस धवल्यांची पीडीएफ, वर विधीची यादी फुकट, वर 'आज रात्री बारापर्यंतच'. ते बारा मी दोन वर्षांत कधी वाजलेले बघितले नाहीत.

तुला आवाज असता तर मला काही वाटलं नसतं. पण तुला आवाज आहे का? खरं सांग. शाळेत प्रार्थनेला बाई तुला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. आपण दोघी आईच्या मागे लग्नांना जायचो, मी ओळ उचलायला आणि तू आईची पिशवी धरायला. तिला तू ठमामावशी म्हणायचीस आणि ती तुला माझ्याआधी लाडू द्यायची. तू पाठीमागे बसून वहीत लिहीत राहायचीस, कारण तुला म्हणता येत नव्हतं. मी हसायचे. धवला काय भूगोल आहे का, लिहून घ्यायला? माझ्या डोक्यात सगळा होता. आईनं तो चपराकी मारून घातला होता. एक शब्द इकडचा तिकडे झाला की आधी चापट, मग शब्द. बारा वर्षांची असताना मांडवात, शंभर बायांसमोर, मला तिनं पाटावरून उठवलंन. का, तर तेलाच्या गाण्यात हळदीची ओळ घुसली. तेव्हापासून लग्न होऊन मी याच गावात दोन गल्ल्या पलीकडे नांदायला आले, पोरीची आई झाले, तरी आईच्या मागेच बसले. पुढची ओळ ती म्हणायची, मागची मी. तीस वर्षं मी कोणाच्या तरी ओळीचं शेपूट धरून गायले, मनाली. ती खाटेला लागली तेव्हा कुठे मी पुढच्या पाटावर आले.

आणि नेमकी तेव्हाच तू फोन घेऊन दारात आलीस.

तुझे दिवस तेव्हा वाईट होते, ते मी विसरले नाही. भाऊजींचे लूम भंगारात गेले होते, ते दुसऱ्याच्या कारखान्यात रात्रपाळीची ड्युटी करत होते, आणि तू धामणकर नाक्याजवळ कोणाच्या तरी क्लासमध्ये 'फोनवरून कमाई' शिकून आली होतीस. तू म्हणालीस, तिथल्या सरांनी सांगितलं, जे तुम्हाला येतं आणि दुसऱ्याला येत नाही ते विका. मला हसू आलं. म्हटलं, तुला काय येतं? तू म्हणालीस, मला काही येत नाही गो, पण ठमामावशीला येतं, आणि माझ्याकडे वही आहे. इतकं खरं बोललीस की मी चहा टाकला. तो चहा मला फार महाग पडला.

आईनं आधी तुला उडवूनच लावलं. बिनमांडवाचा धवला म्हननार न्हाय, देव कोपंल, म्हणाली. मला वाटलं, चला, टळलं. तर तू दुसऱ्या दिवशी चार काठ्या, आंब्याचे टाळे आणि हेमालीची लहानपणची बाहुली घेऊन हजर! अंगणात हातभर मांडव उभा केलास. नवरा म्हणून नारळाला टोपी घातलीस. त्याचं नाव लडकू ठेवलंस, बाहुलीचं गोदू. आई इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. आणि मग लुगडं सावरून खाटेवर उठून बसली आणि खुशाल लडकूच्या नावानं धवला सुरू केलान. आठ दिवस रोज त्या नारळाचं लग्न. कधी तेल, कधी हळद, कधी उंबराची फांदी आणायचं गाणं. गल्लीतली माणसं बघून जायची. मी चहा करायचे.

त्या आठ दिवसांत मी जे बघितलं ते मला अजून पचलेलं नाही. तू अडलीस की आई थांबायची. एकेक शब्द सुटा करून सांगायची. परत सांगायची. दहादा सांगायची. तू मोबाइल चुकीचा दाबलास आणि पूर्ण गाणं गेलं, तर म्हणाली, जाऊ दे गो पोरी, परत म्हनते. पोरी! माझ्या पाठीवर जिच्या पाच बोटांचे वळ असायचे ती ही बाई? एकदा तू फार सुंदर लिहिलंयस म्हणून तिनं तुझ्या हाताचा मुका घेतला. तिला वाचताही येत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हाताला पीठ लागलेलं. घरची म्हणते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा, म्हणतात ना, ते दारात उभं राहून बघत होते. माझा मुका तिनं कधी घेतला असेल तर तो मी पाळण्यात असताना.

शेवटच्या दिवशी पाठवणीचा धवला राहिला होता. दोन ओळी म्हणून आईला धाप लागली. आपण तिला आत नेऊन निजवलं. तू म्हणालीस, चंद्रा, पुढचं तू म्हण, तुला येतंच की. मी म्हटलं. लडकू-गोदूच्या मांडवापुढे बसून, तुझ्या डोळ्यात बघत म्हटलं. तू रडलीस. मग चारपाच दिवसांनी आईनंच तुला फोन करून बोलावलं, राहिलेला म्हनते ये, आणि खाटेवर टेकून तोच धवला शेवटपर्यंत स्वतः म्हटला. तेच ते रील. आईचा सुरकुतलेला चेहरा, थरथरणारा आवाज, आणि खाली तू लिहिलेलं, 'ठमाबाईंची शेवटची पाठवणी'. त्या श्रावणात आई गेली, आणि तुझं पेज धावायला लागलं.

पहिल्यांदा मला मजा आली, ते पण लिहून टाकते. तुझ्या पीडीएफमध्ये तू नारळाचं नाव तसंच ठेवलं होतंस! अकलोलीला एका हळदीत पंधरा बाया मोबाइल धरून ओळीनं उभ्या राहिल्या आणि एका सुरात म्हणायला लागल्या, लडकू नवरा पाटावर बसला, गोदू नवरीला हळद लागली. नवऱ्याचं नाव विपुल. त्याची आत्या उठली आणि म्हणाली, कोन हा लडकू? नवरी रडायला लागली, नवरीचा बाप हिंदीत भांडायला लागला. मी त्या लग्नाला पाहुणी म्हणून गेले होते. माझ्या घशात बुंदी अडकली हसून. तिथं उठून दोन शब्दांत सगळं निस्तरता आलं असतं मला, पण मी बसून राहिले. आठ दिवस मी खूश होते. नंतर तू त्या जागी टिंबं टाकलीस आणि माफी मागणारं रील केलंस, नारळाची गोष्ट हसत हसत सांगितलीस, आणि त्या रीलवर आणखी हजार बायांनी 'हळद' लिहिलं. तुझी चूकसुद्धा विकली जाते गो. माझं बरोबर असलेलंही कोणी फुकट घेत नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काय खोटं?

आणि मग या माघातलं. आपल्याच शेलारात, शेजारच्या आळीत, मी पाटावर बसून तेलाचा धवला म्हणत होते. मधेच एक पोरगी, कॉलेजातली, मोबाइलवर बोट ठेवून म्हणाली, काकू, तिसरी ओळ चुकलात, इथे वेगळी आहे. मला! पीडीएफ बघून! मी तिला म्हटलं, बाय, आई दोन तऱ्हांनी म्हणायची, एक ही आणि एक ती. तर म्हणाली, पण मनालीताईंनी तर हीच दिलीय. बाया हसल्या. वाईट मनानं नाही, पण हसल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन मी जेवले नाही. आता तर ऐकते की तू कोर्स काढतेयस, सहा रविवार, आणि शेवटी सर्टिफिकेट. प्रमाणित धवलारीण! माझ्याकडे सर्टिफिकेट नाही, मनाली. मला आता तुझ्याकडे परीक्षेला बसावं लागेल की काय?

तू वाईट वागलीस असं मला लिहिताच येत नाही, हे त्याहून वाईट. तू आईचं नाव प्रत्येक पानावर टाकलंस. वर्षश्राद्धाला पाकीट घेऊन आलीस, आईचा वाटा म्हणून, आणि मीच ते परत तुझ्या पिशवीत कोंबलं. तू रात्ररात्र जागून टाइप केलंस, ते मला माहीत आहे. माझ्या डोक्यातलं सगळं माझ्याबरोबर सरणावर गेलं असतं आणि तुझ्या वहीमुळे ते राहिलं, हेही मला कळतं. कळतं म्हणून काय झालं? जळायला अक्कल लागत नाही.

आता त्या पानाबद्दल. पान बावीस, शेवटचं कडवं. तुला पाठ आहे, सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे, तरी एकदा माझ्या हातानं लिहिते.

मैना आयली मांडवदारी, तिनं टिपला दाना दाना,
पंखाखाली नेला तिनं माझे आयेचा गाना.
जा गो मैना, सुखी ऱ्हा गो, तुझा भरू दे रांजन,
माझे घरान ऱ्हायला आता रिकामा आंगन.

यावर लोक रडतात. गोदामातल्या पोरी हळदीच्या आधी हेच लावून आरशासमोर बसतात. नवरी म्हणजे मैना, आईकडून गाणं घेऊन सासरी निघाली, मागे अंगण रिकामं. तू रीलमध्ये असा अर्थ समजावून सांगतेस आणि सांगताना डोळे पुसतेस. खाली बाया लिहितात, अशा आया आता होणार नाहीत, जुन्या बायांना शाळा नव्हती पण काय ते शब्द. हेमाली तर म्हणते, आई, आजीनं हे माझ्यासाठीच करून ठेवलं असेल. मी प्रत्येक वेळी त्या खोलीतून उठून जाते. तुला वाटत असेल, आईची आठवण सोसवत नाही हिला. एकदा तू तसं म्हणालीसही, आणि मला जवळ घेतलंस. मी तुला ढकलून पाणी आणायला गेले होते, आठवत असेल.

मनाली, ते कडवं आईचं नाही. माझं आहे. त्या दिवशी नारळाच्या मांडवापुढे बसले, तुझा फोन माझ्या तोंडासमोर होता, आणि तुझ्या वहीत कधी न आलेली आईची खरी शेवटची ओळ माझ्या जिभेवर आली होती. मी ती गिळली. म्हटलं, हिला सगळं मिळालं, हे एक मिळू द्यायचं नाही. आणि जे मनात खदखदत होतं ते तिथल्या तिथे चालीत बसवून तुझ्या तोंडावर म्हटलं. मैना तू होतीस. दाणा दाणा टिपून माझ्या आईचं गाणं नेणारी तू. सुखी ऱ्हा, रांजण भरू दे, हे मी दात खाऊन म्हटलं होतं गो, आणि तू ते ऐकून रडलीस. मला वाटलं खेळ संपला. पण आई आत जागी होती. तू गेल्यावर तिनं मला हाक मारलीन आणि विचारलंन, चंद्रे, ह्यो शेवटचा कोनाचा? माझा न्हाय. तेव्हा मला सांगता आलं असतं. माझा आहे म्हटलं असतं तर तिनं मारलं असतं किंवा मुका घेतला असता, देव जाणे. मी घाबरले. म्हटलं, तुझाच की आये, तू विसरलीस. तिचा चेहरा असा उतरला, मनाली! जिला शब्द इकडचा तिकडे झालेला चालायचा नाही, तिला वाटलं आता आपली आठवण चालली. मग म्हणाली, परत म्हन. मी म्हटलं. तिनं मागून ओळ उचलली. चार दिवस ती खाटेवर आणि मी पायथ्याशी, मी पुढची ओळ म्हणायची आणि ती मागची. चुकली की म्हणायची, थांब, परत सांग, आणि मी चापट न मारता परत सांगायचे. पाठ झालं तेव्हा म्हणाली, चांगला हाय गो, कवा केला आसंल मी, येवढा चांगला? आणि तुला फोन लावायला सांगितलंन. माझी आई आपण विसरभोळी झालो असं मानून मेली. तिला जे माझ्याकडून आलं ते तिनं स्वतःचं म्हणून गायलं. ते रील हेमालीच्या मांडवात लागणार आहे. लागू दे, मी अडवत नाही. तू ये, पुढच्या पाटावर बस, धवलारिणीच्या मानाचं लुगडं मी तुला माझ्या हातानं देईन. पण रील लावायच्या आधी माइकवर सांग की हे कडवं ठमाबाईंच्या पोरीनं केलं. मी स्वतः उठून सांगितलं तर माझी पोरसुद्धा म्हणेल, आई जळते म्हणून बोलते. आणि ते खोटं नाही, म्हणूनच माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तुझ्यावर ठेवतील. पैसे नकोत, कोर्स नको, सर्टिफिकेट तर नकोच. पान बावीसवरचं आईचं नाव खोड आणि तिथं माझं लिही.

तुझ्यावर जळणारी, तरीही तुझीच,
चंद्रा